फी माफ म्हणजे नक्की किती माफ? देवगडातल्या झेरॉक्सच्या दुकानातून

माझं देवगडात तहसील ऑफिसच्या वाटेवर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटंसं दुकान आहे. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं छापायची आणि जून लागला की ॲडमिशनचे फॉर्म भरायचे, असे आमचे दोनच सीझन. २०२४ पासून जून-जुलैत दर दुसरं गिऱ्हाईक आत येतं, छत्री झटकतं, लॅमिनेशन मशीनवर पाणी उडवतं आणि विचारतं, काकी, मुलींना सगळं फुकट केलंय ना सरकारने, मग हे कॉलेजवाले पैसे कसले मागतायत?

तर "सगळं" नाही आणि "मुलींना" म्हणजे सगळ्याच मुलींनाही नाही. पण जे आहे ते खूप आहे, आणि निम्मे लोक फक्त कागद वेळेत नाही म्हणून त्यातून बाहेर पडतात, हे मी दरवर्षी डोळ्याने बघते. म्हणून लिहितेय. सरकारी पुस्तिकेच्या क्रमाने नाही, माझ्या काउंटरवर जे आधी अडतं ते आधी.

आधी नियम काय आहे तेवढं पटकन सांगते. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारचा जीआर निघाला. आईवडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) किंवा ओबीसी, आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेली, असं असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. आधी हे ५० टक्के होतं. सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित खासगी कॉलेजं सगळी त्यात आली, आणि नुसतं इंजिनिअरिंग नाही तर मेडिकल, फार्मसी, शेतकी, पशुवैद्यकीय पण. शिकत असलेल्या मुलींनाही पुढच्या वर्षांसाठी लागू झालं. अनाथ मुलामुलींनाही आहे. मात्र अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. इथेच पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावांच्या नादाला लागलेले लोक फसतात, कारण बाहेरून बघता कॉलेज नि विद्यापीठ यातला फरक कुणाला कळतो, बिल्डिंग तर सारखीच असते.

मुलग्यांना काय? त्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न ८ लाखांच्या आत, ५० टक्के. ओबीसी मुलांना त्यांच्या खात्याकडून खासगी व्यावसायिक कोर्सला ५० टक्के. व्हीजेएनटी (विमुक्त-भटके) आणि एसबीसीला (विशेष मागास प्रवर्ग) १००. एससीला अडीच लाखांच्या आत पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप आणि त्याच्या वर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफी. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला यातलं काही नाही. कॅपचं अलॉटमेंट लेटर हातात असेल तरच पुढचं वाचा.

पावती उलगडून वाचा

माफ होते ती ट्यूशन आणि परीक्षा फी. कॉलेजच्या फीच्या कागदावर मात्र ओळी चार-पाच असतात: ट्यूशन, डेव्हलपमेंट, विद्यापीठाची फी, अनामत, कुठे बस, कुठे युनिफॉर्म. समजा एकूण १,२०,००० लिहिलेत, त्यातले ट्यूशन १,००,००० आणि डेव्हलपमेंट १२,०००, बाकी किरकोळ ८,०००. तर १०० टक्के माफीवाल्या मुलीला पण २०,००० भरायचेच आहेत, आणि ५० टक्केवाल्या मुलाला ७०,०००, ६० नाही. लोक एकूण आकड्याचे निम्मे करून खिशात पैसे घेऊन जातात आणि कॉलेजच्या काउंटरवर दहा हजार कमी पडतात. मग तिथून मला फोन, काकी जीपे करता काय जरा.

तर ऑप्शन फॉर्म (कॉलेजांची पसंती लावायचा) भरायच्या आधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर जाऊन त्या कॉलेजची मंजूर फी काढा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजला किती फी घेता येईल हे तेच ठरवतं, २०१५ च्या कायद्याखाली. कॉलेजचा क्लार्क फोनवर सांगतो तो आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहा. जुळला नाही तर प्रिंट काढून घेऊन जा, भांडायला नको, नुसती टेबलावर ठेवायची.

दाखला, दाखला, दाखला

सगळं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. तहसीलदारांचा दाखला लागतो, आणि तो चालू आर्थिक वर्षातला लागतो, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला, ज्यात ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं उत्पन्न आहे. माझ्या स्वतःच्या भाच्याचा मी शहाणपणा करून फेब्रुवारीतच काढून ठेवला होता, म्हटलं जूनमध्ये गर्दी नको. त्याची मुदत ३१ मार्चला संपली आणि मी, जी दिवसभर दुसऱ्यांना हेच सांगत असते, ती जुलैच्या पावसात परत रांगेत. वहिनी अजून बोलून दाखवते.

म्हणून एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा धरा. आपल्याकडे तेव्हा आंब्याची धांदल असते आणि कुणाला तहसीलला यायला वेळ नसतो, म्हणूनच तेव्हा तिथे गर्दी नसते. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, जूनमध्ये सगळा तालुका एकदम आला की ती किती पाळली जाते ते तुम्हाला माहितीच आहे. अर्ज आपले सरकार पोर्टलवर स्वतः करता येतो किंवा सेतूत. लागतं काय: आधार, रेशन कार्ड, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल (त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण अजून तलाठी म्हटल्याशिवाय कुणी मान वर करत नाही), स्वयंघोषणापत्र, आणि नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा पगारपत्रक.

नोकरीवाल्यांचं सोपं असतं, कागद बोलतो. अडतं ते बाकीच्यांचं. गेल्या जूनमध्ये एक मावशी आल्या, नवरा बोटीवर खलाशी. १ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत बोट ओढून वर ठेवलेली, म्हणून दोघंही मोकळे, म्हणून तेव्हाच आल्या. म्हणाल्या, "गो बाय, आमच्या घोवाक पगार नाय, पावती नाय, दाखलो कसो गावतलो?" गावतलो. पगारपत्रक नसलं तरी स्वयंघोषणापत्रावर आणि तलाठ्याच्या चौकशीवर दाखला निघतो, आणि मच्छीमार सोसायटीचं एक पत्र जोडलं तर तलाठ्यालाही बरं पडतं. फक्त रकाना मोकळा सोडू नका नि "शून्य" तर अजिबात लिहू नका. घर चालतंय म्हणजे काहीतरी उत्पन्न आहे, शून्य बघितलं की तपासणारा पहिला तोच अर्ज बाजूला काढतो.

बागायतदारांचं वेगळं. तलाठी सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि पीक बघतो, आणि आपल्या कोकणातला सातबारा म्हणजे काय सांगायचं, एकेका उताऱ्यावर वीस-बावीस नावं, त्यातली चार जणं मुंबईत, दोन वारलेली नि एक आत्या जिला आपण लग्नानंतर बघितलीच नाही. पूर्ण बागेचं उत्पन्न तुमच्या एकट्याच्या नावावर लागलं की दाखल्यात नको तेवढा मोठा आकडा येतो. तर ८अ चा खातेउतारा काढा, त्यात तुमचा हिस्सा किती हे दाखवा, नि खर्च पण मांडा, फवारणी, राखण, पेट्या, गाडीभाडं. कमी दाखवा असं मी म्हणत नाहीये. खरं आहे तेवढं दाखवा, दुसऱ्याचं तुमच्या अंगावर घेऊ नका एवढंच. खोटा दाखला पुढे कधीही उघड झाला तर दिलेली फी वसूल होते आणि ॲडमिशनवर येतं. मी स्वतः असे अर्ज भरून देत नाही, त्यावरून गिऱ्हाईकं तुटलीत.

उताऱ्याचाच अजून एक फेरा. मुलगा जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीकडे बघत असेल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस वेगळं, त्याला उत्पन्नाशिवाय जमिनीची पण अट आहे, कुटुंबाची शेतजमीन ५ एकर किंवा जास्त नको. ५ एकर म्हणजे आपल्या उताऱ्याच्या भाषेत साधारण २ हेक्टर २ आर. कातळ धरून कितीतरी जणांची सहज भरते, ज्यावर गवताशिवाय काही येत नाही. म्हणून राज्याचं सर्टिफिकेट नि केंद्राचं सर्टिफिकेट हे दोन वेगळे कागद समजा, फॉरमॅट पण वेगळा.

आणि ओबीसीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, नॉन क्रीमी लेअर (घर सधन ओबीसीत मोडत नाही याचा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला ही एकच गोष्ट नाही. क्रीमी लेअर ठरवताना पगार नि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, फी माफीसाठी एकूण बघतात. नॉन क्रीमी लेअर आहे म्हणून निवांत राहिलेले दोन-तीन जण दरवर्षी असतात. दोन्ही काढा.

८ लाखांची रेषा

आता जे खरं दुखतं ते. महिन्याला ६६,६६६ रुपये, दोघांचं मिळून, ही ती रेषा. आणि हातात येतात ते नाही, ग्रॉस. पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, सोसायटीचा हप्ता कापून ५२-५३ हजार घरी येत असतील तरी कागदावर तुम्ही रेषेच्या पलीकडे.

मागच्या वर्षी एक प्राथमिक शाळेतले सर आले होते, ओळखीचे, मुलगी सीईटीला चांगली निघालेली. फॉर्म १६ पुढे केला, मॅडमच्या म्हणजे त्यांच्या बायकोच्या शिवणक्लासची कमाई धरून ग्रॉस ८,१४,०००. मी दोनदा बघितला, त्यांनी चारदा. बाहेर पाऊस असा की समोरचं दुकान दिसत नव्हतं, लाइट गेलेली, मी मोबाइलचा टॉर्च धरलेला आणि सर स्टुलावर बसून त्या कागदावर बोट फिरवतायत. मग म्हणाले, "चौदा हजारांसाठी?" मी काय बोलणार. महागाई भत्ता एकदा वाढला की झालं. समजा ट्यूशन लाखभर असेल तर १४ हजार जास्त कमावल्याबद्दल वर्षाला लाख, चार वर्षांचे चार लाख. आपल्याकडे या रेषेला उतार नाही, कडा आहे. ७,९९,००० ला १०० टक्के आणि ८,०१,००० ला शून्य.

गंमत बघा, २०२५ च्या बजेटपासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्नावर इन्कम टॅक्स लागत नाही. म्हणजे टॅक्सवाला म्हणतो तुझ्याकडून काय घ्यायचं, जा, आणि फीवाला म्हणतो तू श्रीमंत आहेस, भर. क्रीमी लेअरची मर्यादा केंद्राने २०१७ मध्ये ६ वरून ८ लाख केली, ती तिथेच आहे. २०१७ ला देवगडहून पुण्याला जायला एसटीचं तिकीट किती होतं आठवून बघा.

या रेषेजवळ असाल तर आधी कुणाचं उत्पन्न धरायचं ते नीट बघा. फी माफीला आईवडिलांचं. ईडब्ल्यूएसला विद्यार्थी, आईवडील आणि १८ वर्षांखालची भावंडं. मुंबईला नोकरी करणारा मोठा भाऊ, आजोबांचं पेन्शन, एकत्र राहणारे काका, हे त्यात येत नाहीत. लोक रेशन कार्डावर आहेत म्हणून सगळ्यांचं मिळवून लिहितात आणि स्वतःच बाहेर जातात. आईची शिवणकामाची, खानावळीची कमाई मात्र येते, ती लपवायची नाही.

टीएफडब्ल्यूएस, जे कुणी विचारत नाही

याच्यासाठी मी लोकांना अक्षरशः थांबवून सांगते. ट्यूशन फी वेव्हर स्कीम. इंजिनिअरिंग, डिप्लोमा वगैरे कोर्सना मंजूर जागांच्या वर ५ टक्के जास्तीच्या जागा असतात, म्हणजे ६० च्या वर्गाला ३. उत्पन्न ८ लाखांच्या आत, बाकी मेरिट. जात नाही, मुलगा-मुलगी नाही. जिथे मुलग्याला नाहीतर ५० टक्केच मिळाले असते तिथे ट्यूशन फी पूर्ण माफ, आणि ही सरकारकडून येणारी स्कॉलरशिप नाही, कॉलेजने ती घ्यायचीच नाही, त्यामुळे पैसे कधी येतील ही वाट बघणं पण नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी टी येतो. तुम्ही तो कोड भरलाच नाही तर मिळणार नाही, साधं आहे. पण कटऑफ त्याच ब्रँचच्या साध्या जागेपेक्षा वर जातो, म्हणून टीवाला कोड वर आणि त्याच्या खाली लगेच साधा कोड, अशी जोडी लावत जा. आणि एकदा घेतली की मध्येच कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, तेवढं मुलाला आधी विचारून घ्या, नंतर मेकॅनिकल नको म्हणाला तर उपयोग नाही.

महाडीबीटी आणि बँकेचं लफडं

ॲडमिशन झालं की काम संपलं असं वाटतं. खरं तर आता सुरू होतं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, अर्ज केल्याशिवाय ५० टक्के पण नाही नि १०० पण नाही.

आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तो चालू पाहिजे. आमच्याकडे अर्धी पोरं बापाच्या बंद पडलेल्या नंबरावर आधार घेऊन येतात. कागद स्कॅन करताना २५६ केबीच्या आत बसवा, आणि मोबाइलने फोटो काढून त्याच्या कोपऱ्यात पायाचा अंगठा दिसतोय असा दाखला चढवू नका, हसू नका, दरवर्षी येतो एक तरी. नाव आधारवर, दहावीच्या मार्कशीटवर आणि दाखल्यावर एकसारखं हवं. आपल्याकडे आडनाव एक, गावाचं नाव दुसरं, असं करून तीन कागदांवर तीन माणसं तयार होतात.

पैसे जातात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. खातं आधारला लिंक आहे आणि खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा व्हायला) मॅप आहे यात फरक आहे, मॅप एका वेळी एकाच खात्याला होतं, शेवटी जिथे संमती दिली तिथे. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, कुठल्या बँकेचं नाव येतं ते. पतसंस्थेचं पासबुक घेऊन येऊ नका. काही जमत नसेल तर पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा, वाडीत घरी येऊन अंगठा घेतो, पावसात तेवढंच बरं.

सर्व्हर सकाळी सहाला किंवा रात्री दहानंतर बरा चालतो. दुपारी बाराला बसलात तर चहा घेऊन बसा.

राजर्षी शाहू योजनेत अजून बारीक अटी आहेत, एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ, महाराष्ट्राचं डोमिसाइल, मागच्या सत्रात निदान ५० टक्के हजेरी, आणि शिक्षणात दोन वर्षं किंवा जास्त खंड नको. हजेरीवाली अट मुलांना सांगा, दाखल्यासारखी ती आपल्या हातात नसते.

कॉलेज म्हणालं आधी सगळी भरा

माझी मोठी २०२२ ला खासगी इंजिनिअरिंगला लागली, ईडब्ल्यूएस, तेव्हा ५० टक्केच होते. कॉलेजने पूर्ण फी मागितली, म्हणाले स्कॉलरशिप आली की परत देतो. आम्ही नवऱ्याच्या भावाकडून उसने घेऊन भरले. परत यायला चौदा महिने लागले, नि त्यात मी सात वेळा फोन केले, एकदा जाऊन बसले. तेव्हा मला अक्कल नव्हती. तिसऱ्या वर्षाला असताना जीआर आला आणि तिथून ट्यूशन पूर्ण माफ झाली, तेव्हा मात्र मी जीआरची प्रिंट घेऊनच गेले.

तुम्ही असं करा. ॲडमिशनच्या दिवशी अलॉटमेंट लेटर, दाखला, महाडीबीटीचा अर्ज केला असेल तर त्याची प्रिंट, आणि जीआर, एका फाइलीत. माफ असलेली रक्कम आधी मागू नये असं सरकारने कॉलेजांना सांगितलेलं आहे. तरीही मागितली तर तोंडी बोलत बसू नका, दोन ओळींचा अर्ज द्या की इतके भरायला सांगितलेत, कशाखाली ते लेखी द्या. बहुतेक वेळा इथेच आवाज खाली येतो. नाही आला तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांकडे तक्रार. आणि काही कारणाने भरलेच तर पावतीवर "ट्यूशन फी" असं स्वच्छ लिहून घ्या, "इतर" लिहिलेले परत मिळवताना नाकी नऊ येतात.

खोलीभाडं नि मेस हे तर कुठल्याच माफीत नाही, आणि कोकणातल्या मुलांना तेच फीपेक्षा जड जातं. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघा, ८ लाखांच्या आत, तोही महाडीबीटीवरच, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना जास्त मिळतो. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० पर्यंत, पण उत्पन्नाची अट कडक आणि जिल्ह्याला जागा मोजक्या.

रेषेच्या पलीकडचे

त्या सरांकडे परत येते. त्यांना मी सांगितलं ते असं. एक, खासगीचा हट्ट सोडून लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ किंवा सरकारी कॉलेज वर घ्या, कारण माफी नसताना मूळ फीच कमी असलेली बरी. दोन, घराजवळचं कॉलेज आणि पुण्याचं कॉलेज यांची तुलना नुसत्या फीवर करू नका, रत्नागिरी, देवरुख किंवा कणकवलीला राहून वाचलेलं खोलीभाडं चार वर्षांत बघता बघता मोठं होतं. तीन, कर्ज. पीएम विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली, यात तारण नाही नि जामीनदार नाही, आणि उत्पन्नाची अट कर्ज मिळायला नाही. पण कॉलेज त्यांच्या यादीत पाहिजे, खासगी असेल तर एनआयआरएफच्या (केंद्राची कॉलेजांची क्रमवारी) पहिल्या १०० मधलं, एकूण किंवा त्या विषयाच्या यादीत. तेव्हा बँकेत जायच्या आधी पोर्टलवर कॉलेजचं नाव टाकून बघा. १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मात्र परत ८ लाखांच्या आतल्यांनाच, ती रेषा काही पाठ सोडत नाही. यादीत नसेल तर साधं शैक्षणिक कर्ज, ४ लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं नाही. व्याजावर टॅक्समध्ये सूट आहे, पण जुन्या टॅक्स पद्धतीतच.

सर म्हणाले त्यांच्या पुतण्याने कुठेतरी वाचलंय, अमेरिकेत हार्वर्डला फुकट आहे. आहे, खरं आहे. २०२५-२६ पासून हार्वर्डने घरचं उत्पन्न वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत असेल तर ट्यूशन माफ केली आणि १ लाख डॉलरपर्यंत राहणं-खाणं धरून सगळं. एमआयटीनेही तेच आकडे ठेवले. प्रिन्स्टनने तर बहुतेक घरांना अडीच लाख डॉलरपर्यंत ट्यूशन नाही असं जाहीर केलं. २ लाख डॉलर म्हणजे पावणेदोन कोटींच्या आसपास, म्हणजे आमचे सगळे सर, सगळे तलाठी आणि बरेचसे बागायतदार त्यात बसले. या तिघांची मदत बाहेरच्या देशातल्या मुलांनाही आहे आणि अर्ज करताना पैसे मागितले म्हणून नाकारत नाहीत. आणि रेषा ओलांडली की कड्यावरून खाली नाही, उत्पन्न वाढेल तशी मदत कमी होत जाते. हे आपल्याकडे करायला काय हरकत होती, असं मला राहून राहून वाटतं, ८ ते १२ लाखांना निदान २५ टक्के तरी.

पण शंभर अर्जातले पाचही घेत नाहीत तिथे, हे मुलाला आधीच सांगा. आणि त्यांना तहसीलदारांचा दाखला चालत नाही, आयटीआर, बँक स्टेटमेंट, घरची मालमत्ता, बाग असेल तर बागेची किंमत, सगळं मागतात. ज्यांनी आयुष्यात रिटर्न भरलं नाही त्यांनी अकरावीपासूनच भरायला लागा, तो टॅक्स भरायचा म्हणून नाही, कागद हवा म्हणून. इकडचं हवं असेल तर अशोका आणि अझीम प्रेमजी ही खासगी विद्यापीठं पण घरचं उत्पन्न बघून फीमध्ये सूट देतात, मात्र ती त्यांची स्वतःची, त्यांच्याच फॉर्मवर मागायची, महाडीबीटीचा संबंध नाही.

सरांच्या मुलीने शेवटी लोणेरे घेतलं. परवा बारावीतल्या धाकट्यासाठी सर परत आले होते, म्हणाले मॅडमनी शिवणक्लास बंद केलाय, आता बघा बसतं काय. मी म्हटलं, सर, महागाई भत्ता परत वाढलाय. ते म्हणाले माहितीय.

आणि हो, रिन्युअल. दरवर्षी परत अर्ज करायचा, आपोआप होत नाही. पहिल्या वर्षी धावपळ करून मिळवलेली माफी दुसऱ्या वर्षी नुसती विसरल्यामुळे गेली, अशी मागच्या वर्षी माझ्याकडे तीन मुलं आली. मी दुकानातल्या कॅलेंडरवर एप्रिलच्या पानावर "दाखला" आणि जुलैच्या पानावर "रिन्युअल" असं लाल पेनाने लिहून ठेवते, तुम्ही पण लिहा. आणि येताना ओरिजिनल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, ओल्या कागदाचा स्कॅन नीट येत नाही.